पॉलिशर, मोटारीच्या रंगदुरुस्तीसाठी

मोटारीच्या रंगावरचे बारीक ओरखडे, पाण्याचे डाग आणि उन्हाने आलेला फिकेपणा घासून काढण्याचे, हातात धरून चालवायचे विजेचे यंत्र. डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई करून चमक आणण्याच्या, व्यवसायात या कामाला ‘पेंट करेक्शन’ म्हणतात. जुन्या यंत्राच्या जागी नवे घ्यावे का, हा प्रश्न हे काम करणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी येतो. त्याचे उत्तर यंत्राच्या वॉटपेक्षा पॅड, म्हणजे रंगावर घासली जाणारी मऊ गादी, कसे हलते यात शोधावे लागते.

आजच्या मोटारींवर रंगाचा सर्वांत वरचा थर सहसा पारदर्शक असतो. तो क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरसकट सगळा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन. पॉलिश केल्याने ओरखडा भरून येत नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट तेवढा खाली उतरतो. उतरलेला थर परत येत नाही, आणि अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्येही त्याच थरात असतात. म्हणून कमीत कमी थर उतरवून काम साधणारे यंत्र ते चांगले यंत्र, असे मानणे योग्य.

रोटरी हा जुना प्रकार. त्यात पॅड एकाच आसावर गरगर फिरते. कापण्याची ताकद भरपूर, पण एका जागी क्षणभर जास्त थांबले की उष्णता साठते आणि पॅनेलच्या कडांवर रंग पार निघून जातो. पॅडची चाल एकसारखी असल्याने उन्हात दिसणाऱ्या झळाळत्या रेषाही मागे राहतात. त्यांना होलोग्राम म्हणतात.

ड्युअल ॲक्शन, म्हणजेच डीए यंत्रात पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी लहान वर्तुळात घुमते. ही कल्पना सँडिंगच्या यंत्रांतून आली. या वर्तुळाच्या व्यासाला थ्रो म्हणतात. पोर्टर-केबल ७४२४ सारख्या सुरुवातीच्या लोकप्रिय यंत्रांचा थ्रो ८ मिमीच्या आसपास होता. ती सुरक्षित होती, पण हळू. त्यांत पॅडचे फिरणे मोकळ्या बेअरिंगवर अवलंबून असल्याने थोडा दाब वाढला किंवा बॉनेटचा बाक आला की पॅड थांबे, नुसते थरथरे, आणि हाताला मुंग्या येत.

२०१० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या रुपेस कंपनीने १५ आणि २१ मिमी थ्रोची ‘बिगफूट’ यंत्रे आणली आणि चित्र पालटले. मोठ्या थ्रोचा फायदा साध्या गणितात दिसतो. ८ मिमीचे यंत्र मिनिटाला ६,८०० वेळा घुमले तर घुमण्यातून पॅड सुमारे १७० मीटर अंतर कापते. २१ मिमीचे यंत्र ४,२०० वेळाच घुमूनही सुमारे २७५ मीटर. म्हणजे वेग कमी, काम जास्त. घुमणाऱ्या पॅडचा तोल साधणाऱ्या प्रतिभाराचे वजन पॅडच्या आकाराला जुळवल्याने कंपनेही घटली. मात्र अशा यंत्राला वेगळ्या मापाची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर बसते ती तबकडी) लावली तर हा तोल बिघडतो.

तिसरी जात सक्तीने फिरणाऱ्या यंत्रांची. जर्मनीच्या फ्लेक्सचे एक्ससी ३४०१ हे त्यातले नावाजलेले. यात पॅड गिअरने फिरते, त्यामुळे दाबाखाली थांबत नाही. उष्णता मात्र मोकळ्या डीएपेक्षा जास्त होते.

मोठा थ्रो सगळीकडे चालत नाही. छप्पर, बॉनेट, दरवाजे यांवर २१ मिमी उत्तम. पण बंपरच्या खाचा, आरशांची कवचे, खिडक्यांमधले अरुंद खांब इथे ते उसळते. अशा जागी ७५ मिमी पॅडचे छोटे यंत्रच हवे. त्यामुळे एकच यंत्र बदलायचे असेल तर १५ मिमी थ्रोचे घेणे बहुतेकांना सोयीचे पडते. बॅटरीवरच्या ब्रशलेस (मोटारीत कार्बन ब्रश नसलेल्या) यंत्रांनी वायर रंगावर घासण्याची भीती संपवली आहे, पण अख्ख्या गाडीसाठी जादा बॅटऱ्या हाताशी ठेवाव्या लागतात.

नवे यंत्र घेऊन जुनीच जाड फोमची पॅड वापरणे ही सर्रास होणारी चूक. जाड, मऊ फोम हालचाल स्वतःतच जिरवतो आणि मोठ्या थ्रोचा फायदा रंगापर्यंत पोचतच नाही. पातळ पॅड, किंवा कठीण क्लिअर कोटसाठी मायक्रोफायबरचे पॅड, यांचा खर्च नव्या यंत्राच्या खर्चातच धरावा. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढली की पॅड खरोखर फिरते आहे की नुसते थरथरते आहे, हे चालू कामात दिसते. सुरुवात सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिशने एका हातभर जागेवर करावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसून दिव्याखाली पाहावे, आणि ओरखडे उरले तरच तीव्र कंपाऊंडकडे, म्हणजे जास्त कापणाऱ्या पॉलिशकडे, वळावे. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर जाडी-मापक आधी फिरवणे आवश्यकच.

रोटरी यामुळे बाद झालेले नाही. रंगावर बारीक पॉलिशपेपर मारल्यानंतरच्या खोल खुणा लोकरीच्या पॅडसह तेच सर्वांत लवकर काढते. त्यानंतरचा शेवटचा हात डीएने फिरवला जातो.