खानदेशी बागेची कड: वरंबा गेला, ब्लॉक आला, माती तीच राहिली

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नव्या कॉलन्यांमध्ये कंपाउंडच्या आत फुलझाडांभोवती, लॉनच्या कडेला किंवा पायवाटेच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे ब्लॉक उभे केलेले हमखास दिसतात. स्वस्त पडतात, वाळवी लागत नाही, एका दिवसात काम होतं. पण दोन-तीन पावसाळे गेले की यातल्या बऱ्याच कडा वाकतात, सांध्यात तडकतात, एखादा ब्लॉक बाहेरच्या बाजूला कलतो. दोष ब्लॉकवर जातो. खरं कारण बहुतेक वेळा ब्लॉकखालच्या काळ्या मातीत असतं, आणि ब्लॉक येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या बागेची कड कशी असावी हे तीच माती ठरवत आली आहे.

खानदेशात कडेचं मूळ काम शोभेचं नव्हतं, पाणी धरण्याचं होतं. पांझरेच्या काठी काही शतकं चालत आलेली फड पद्धत याच हिशेबावर उभी आहे. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून फडात पाणी, आणि प्रत्येक टप्प्यावर मातीचा बांध. घरामागच्या चार वाफ्यांतही तेच लहान प्रमाणात चालायचं. न्हाणीचं पाणी दांडाने, म्हणजे मातीतल्या लहान चारीने, कर्दळीला आणि अळवाला जायचं, झाडाभोवती आळं असायचं, वाफ्याभोवती वीतभर उंचीचा वरंबा. उन्हाळ्यात तो भेगाळायचा, पावसात बसायचा, आणि दर हंगामाला फावड्याने पुन्हा ओढला जायचा. दरवर्षी नवा करायचाच असल्यामुळे माती फुगली काय, आकसली काय, कोणाचं अडत नव्हतं. या मातीवर कायमची कड उभी करणं कठीण आहे, हे त्या जुन्या रीतीतच सामावलेलं होतं.

पक्की कड आली ती इंग्रजी अमलात, बंगले, विश्रामगृहं आणि रेल्वे क्वार्टर्सच्या आवारांमधून. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली आणि पुढे तिथे मोठी रेल्वे वसाहत वाढली. अशा आवारांतली ठरलेली कड म्हणजे भाजक्या विटा पंचेचाळीस अंशात कलत्या गाडून केलेली दातेरी ओळ, वर चुन्याचा किंवा गेरूचा हात. स्वस्तातली शोभा म्हणून आजही ही रचना उत्तम दिसते. शिवाय तिचा एक गुण सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक वीट सुटी असते. खालची माती हलली तर ती वीट तेवढी हलते, अख्खी ओळ तुटत नाही. उणीव होती ती विटेत. गाळाच्या मातीच्या विटांना ओल आणि खारं पाणी मिळालं की लोणा लागतो, पापुद्रे सुटतात आणि जमिनीत गाडलेला भाग काही वर्षांत भुसभुशीत होतो.

सिमेंटच्या ब्लॉकची गोष्ट दूरची आहे. लीड्सचे गवंडी जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. अमेरिकेत हार्मन पामर यांनी पोकळ ब्लॉक पाडण्याच्या यंत्राचं पेटंट १९०० मध्ये मिळवलं. तिथल्या सुरुवातीच्या ब्लॉकांवर साच्यातून मुद्दाम घडीव दगडासारखा खडबडीत चेहरा उठवत. खानदेशात त्या सोंगाची गरज नव्हती, काळा पाषाण दारातच होता. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये सिमेंट निघू लागलं, १९३६ मध्ये दहा कंपन्या मिळून एसीसी ही सिमेंट कंपनी झाली, आणि काँक्रीट ब्लॉकसाठी भारतीय मानकही, आयएस २१८५, साठच्या दशकातच आलं. तरी आपल्याकडे बागेच्या कडेला ब्लॉक दिसायला आणखी वीसेक वर्षं लागली.

याचं कारण परमिट. सिमेंटच्या भावावर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होतं. घराच्या स्लॅबसाठी गोण्या मिळवताना दमछाक व्हायची, तिथे फुलझाडांच्या कडेसाठी सिमेंट कोण वापरणार? फेब्रुवारी १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठलं आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णपणे. त्यानंतर छोट्या ब्लॉक कारखान्यांना खुल्या बाजारात हवं तेवढं सिमेंट मिळू लागलं. या धंद्याला जागा आणि यंत्र फार लागत नाही. एक सपाट कोबा, मिक्सर आणि चाकांवरचं एग लेइंग मशीन. यंत्र साच्यातला कोरडसर माल थरथरवून दाबतं, साचा वर उचलतं, ओले ब्लॉक जमिनीवरच सोडतं आणि हातभर पुढे सरकतं. माल इतका कमी पाण्याचा असतो की साचा निघताक्षणी ब्लॉक आपल्या पायावर उभा राहतो.

कच्च्या मालाने दुसरा धक्का दिला. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र कोळशाची राख डोंगरासारखी साठवत होतं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा-ब्लॉकांमध्ये राख वापरणं बंधनकारक केलं. २००३ मध्ये ही मर्यादा १०० किलोमीटर आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाली. भुसावळ आणि जळगाव पहिल्याच वर्तुळात येतात, त्यामुळे फ्लाय अ‍ॅशची करडी वीट या भागात लाल विटेच्या शेजारी येऊन बसली. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वाळू उपशाला पर्यावरण मंजुरी लागू लागली आणि तापी-गिरणेच्या वाळूऐवजी खडी क्रशरचा कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, ब्लॉकमध्ये जास्त जाऊ लागला. आज जो ब्लॉक स्वस्त मिळतो तो मुख्यतः राख आणि कच या दोन उरलेल्या मालांमुळे.

तिसरा बदल पाण्याचा, आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जळगावातून ठिबक सिंचनाचा प्रसार सुरू झाला. केळीच्या वावरातून त्या नळ्या पुढे घरच्या बागेत आल्या. झाडाच्या बुडाशी थेंब पडू लागला तसं वाफ्यात पाणी तुंबवण्याचं कारण संपलं आणि वरंब्याचं कामही. कड आता माती थोपवण्यापुरती आणि दिसण्यापुरती उरली. ब्लॉकला मोकळी जागा मिळाली ती इथे.

अडचण अशी की ब्लॉक आला तो गवंड्याच्या हातून, आणि गवंड्याने तो भिंतीसारखा लावला: खाली सिमेंटचा पट्टा, सांध्यात सिमेंट-वाळूचा माल, वर गिलावा. काळ्या मातीतली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. झाडाच्या बाजूला रोज पाणी आणि बाहेर कोरडी ठाक जमीन, म्हणजे कडेच्या एका अंगाची माती फुगलेली आणि दुसऱ्या अंगाची आकसलेली. मालाने जखडलेली ओळ हे सहन करू शकत नाही. ती सांध्यातून तडकते किंवा सबंध कलते. मोठ्या बांधकामांसाठी यावर उपाय शोधला गेला आहे. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर द्यायचा, ही पद्धत आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात मांडली आणि ती कालव्यांच्या अस्तराखाली वापरली गेली. बागेच्या कडेला एवढी खोली लागत नाही, पण तत्त्व तेच: मध्ये मुरूम हवा.

३० फूट सरळ कडेचा हिशेब असा. ब्लॉक चार इंची सॉलिड, म्हणजे १६ × ८ × ४ इंच, लांब कडेवर उभा. पाव इंच सांधा धरून २३ लागतात, फुटतूट धरून २५ घ्यावेत. एकाचं वजन १७ किलोच्या आसपास असतं. चर ८ इंच रुंद आणि ८ इंच खोल. तळाला मुरूम, धुम्मसने ठोकून ४ इंच भरेल इतका, दोन थरांत आणि थोडं पाणी शिंपून. सुटा मुरूम सुमारे ९ घनफूट लागतो, म्हणजे ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) दहाव्या हिश्श्याहूनही कमी, साधारण १८ घमेली. त्यावर एक इंच कच, सांध्यांसह पाच घमेली. मग ब्लॉक ३ इंच जमिनीत आणि ५ इंच वर राहतो. वर जास्त दिसावा म्हणून गाडणी कमी केली की पाय लागूनच तो कलतो. दोरी बांधून पाण्याच्या नळीने पातळी काढावी, रबरी हातोड्याने ठोकावं आणि सांध्यात कोरडा कच झाडावा. सिमेंट कुठेच नाही.

दर चौथ्या ब्लॉकनंतर पाऊण इंच फट सोडून तीत बारीक खडी भरावी. श्रावणातलं पाणी काळ्या मातीत मुरत नाही, ते बाहेर जायला वाट लागते, नाहीतर मोगऱ्याची मुळं कुजतात. फटीतून माती वाहू नये म्हणून आतल्या बाजूला जुन्या शेडनेटची पट्टी उभी लावली की पुरे. खडी आणि ठोकलेला मुरूम घुशींनाही काही प्रमाणात अडवतो; नुसत्या मातीवर ठेवलेल्या ब्लॉकखाली त्या हमखास पोखरतात.

वळणावर लांब ब्लॉक फसवतो. १२ फूट त्रिज्येच्या वळणावर बाहेरचा सांधा जवळपास अर्धा इंच जास्त उघडतो, ६ फुटांवर पाऊण इंचाच्याही वर. त्याहून घट्ट वळणाला ९ × ४ × ३ ची फ्लाय अ‍ॅश वीट उभी गाडावी, ४ इंच जमिनीत. २ फूट त्रिज्येलाही तिचा सांधा अर्ध्या इंचापलीकडे उघडत नाही, आणि ब्लॉकची सरळ रेघ जिथे उभ्या विटांच्या गोलाईत शिरते तो सांधा दिसायला फार देखणा असतो. जुनी दातेरी ओळही याच विटांची करता येते.

एकावर एक दोन थर हवे असतील तर ही कोरडी पद्धत पुरत नाही, कारण ओल्या काळ्या मातीचा रेटा मोठा असतो. तिथे आठ इंची पोकळ ब्लॉक घ्यावा, पोकळीतून १० मिमीची सळई जमिनीत ठोकावी, पोकळी काँक्रीटने भरावी, आणि दर १० फुटांवर ओळ पूर्ण तोडून मोकळा सांधा ठेवावा.

ब्लॉक निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. खिळ्याने ओरखडला तर पांढरी रेघ उठावी, भुगा निघू नये. दुसरी, २४ तास पाण्यात बुडवून वजन करावं. मानकाप्रमाणे पाणी शोषण १० टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे १७ किलोचा ब्लॉक १.७ किलोहून जास्त पाणी प्यायला नको. कापूस मोजायचा काटा घरात असेल तर ही तपासणी फुकटात होते. ब्लॉकला किमान १४ दिवस पाणी आणि नंतर सावलीत वाळवण लागते. एप्रिल-मेमध्ये पाडलेल्या मालाला टंचाईमुळे पाणी कमी मिळतं आणि ऊन ते आधीच ओढून घेतं; अशा ब्लॉकचे कोपरे हाताने झडतात. हिवाळ्यात पाडलेला माल मागावा. सिपोरेक्सचे हलके पांढरे ब्लॉक उचलायला सोपे आणि कापायला मऊ, म्हणून मोह होतो, पण ते पाणी फार पितात आणि मातीत गाडले की कडा झिजतात. बागेत ते वापरू नयेत.

कड लावायचा काळ दिवाळी ते डिसेंबर. तेव्हा माती ना पूर्ण फुगलेली असते ना भेगाळलेली. मे महिन्यात आकसलेल्या मातीवर लावलेली ओळ जूनमध्ये उचलली जाते.

नव्या ब्लॉकमधून चुना झिरपतो आणि आपली काळी माती आधीच अल्कधर्मी आहे. अनंत आणि एक्झोरा कडेला चिकटून लावले तर त्यांना लोह मिळत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही झाडं एक फूट आत असावीत. पश्चिमेच्या उन्हात ब्लॉक संध्याकाळपर्यंत तापलेला राहतो, त्यामुळे बाकीची रोपंही सहा-आठ इंच आत ठेवून मधल्या जागेत केळीची वाळलेली पानं पसरावीत. पोकळ ब्लॉकची तोंडं वर ठेवून त्यात लावायला चिनी गुलाब, कोरफड आणि पानओवा चांगले. पुदिना तिथे मे महिन्यात जगत नाही, ठिबकची बारीक नळी दिली तरच तग धरतो.

बोअरच्या खाऱ्या पाण्याने पहिल्या वर्षी अंगावर पांढरा लोणा फुटतो. तो पाण्याने धुतला तर पुन्हा आत मुरतो आणि परत फुटतो, म्हणून कोरड्या ब्रशने झाडावा. ऑइल पेंट टाळावा. खालून येणारी ओल त्याचे फुगे काढते. एक उन्हाळा गेल्यावर डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात द्यावेत, हवा तर त्यात गेरू. पुढे दर दिवाळीत चुना देताना ओळीवर दोरी धरावी, खचलेला ब्लॉक पहारीने उचलावा, खाली कच टाकून परत बसवावा. उचललेल्या ब्लॉकखालचा कच काळा आणि चिकट झालेला दिसला, तर खालून माती वर चढली आहे, मुरूम पातळ पडला आहे. तेवढ्या जागेचा चर दोन इंच आणखी खोल करून मुरूम पुन्हा ठोकून घ्यावा.