ठासणीच्या रायफलीला पीळ किती?

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर मिळणारी ठासणीची बंदूक आतून गुळगुळीत असते. तोंडातून दारू ओतायची, वर छर्रे किंवा गोळी टाकायची, गजाने ठासायचे, झाले. जुन्या रायफलीही अशाच तोंडाकडून भरत, पण त्यांच्या नळीत पिळाच्या खाचा असत. या खाचा गोळीला गिरकी देतात हे बहुतेकांना ठाऊक असते. वाद झाला तो गिरकी किती द्यावी यावर, आणि तो शंभरावर वर्षे चालला. पीळ मोजतात तो असा: नळीच्या किती इंचांत एक पूर्ण वेढा पडतो. आकडा मोठा, तेवढा पीळ मंद.

गिरकीने नेम का सुधारतो याची पहिली भक्कम मांडणी इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने 1747 मध्ये रॉयल सोसायटीपुढे केली. गुळगुळीत नळीतून सुटताना गोल गोळी कुठेतरी घासते आणि वाटेल त्या बाजूला फिरू लागते. त्या फिरण्यामुळेच ती हवेत वळते, असे त्याचे म्हणणे. पटवून देण्यासाठी त्याने एका नळीचे तोंड थोडे डावीकडे वाकवून बार काढला. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे वळून उजवीकडे लागली! खाचांच्या नळीत मात्र गोळी आपल्या वाटेच्या अक्षाभोवतीच फिरते, त्यामुळे तिला एका बाजूला खेचणारे काही उरत नाही. ऑयलरसारख्या गणितज्ञालाही रॉबिन्सचे हे कारण पटले नव्हते. पुढे रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून भारतात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

आता गोल गोळीला शेंडा ना बूड. ती उलटण्याची भीती नसते, म्हणून तिला थोडी गिरकी पुरते. ब्रिटिश सैन्याने 1800 मध्ये निवडलेल्या बेकर रायफलीत 30 इंचांच्या नळीत जेमतेम पाव वेढा होता, म्हणजे 120 इंचांत एक. नंतरच्या ब्रन्सविक रायफलीत 30 इंचांतच पूर्ण वेढा घातला आणि गोळी खाचांवरून घसरू नये म्हणून गोळीलाच पट्टा ओतला. दारूच्या काजळीने नळी माखली की ती भरताना शिपायांचा जीव जाई.

खरा घोळ लांबट गोळी आली तेव्हा सुरू झाला. लांब गोळी पुरेशी फिरली नाही, तर हवेत गटांगळ्या खाते. ब्रिटिश सैन्याच्या 1853 च्या एन्फिल्ड रायफलीत 39 इंचांच्या नळीत अर्धा वेढा होता. गोळी आखूड आणि बुडाशी पोकळ, त्यामुळे 78 इंचांत एक वेढा तिला भागत असे. मग मँचेस्टरचा इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थ पुढे आला. त्याला अट होती की गोळी एन्फिल्डइतकीच 530 ग्रेनची, सुमारे 34 ग्रॅम, आणि दारूही तेवढीच. त्याने तेच शिसे बारीक आणि लांब केले, नळीचे छिद्र 0.451 इंचाचे षट्कोनी ठेवले आणि 20 इंचांत एक वेढा दिला. 1857 मध्ये इंग्लंडमधल्या हाइथ येथे झालेल्या चाचणीत 500 यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या साडेचार इंच. वूलिचचा प्राध्यापक ग्रीनहिल याने गोळीच्या लांबीवरून पीळ काढण्याचे सूत्र 1879 मध्ये दिले. व्यासाच्या तिप्पट लांब गोळीला ते 0.45 इंचाच्या नळीत साधारण साडेबावीस इंच सांगते. व्हिटवर्थ नुसते प्रयोग करत 20 वर पोचला होता.

हाइथच्या चाचणीच्याच वर्षी, 1857 मध्ये, भारतात एन्फिल्डच्या काडतुसांवरून काय पेटले ते सांगायला नको. उठावानंतर हिंदी शिपायांसाठी जी बंदूक काढली ती दिसायला एन्फिल्डच, पण नळी 0.656 इंचाची आणि खाचांविना. नेमबाजी कुणाच्या हाती द्यायची नाही, हे सरकारला चांगले कळत होते.

व्हिटवर्थच्या यशानंतर जास्त पीळ म्हणजे जास्त नेम, अशी समजूत पसरली. ती खोडली जेम्स फोर्सिथने. हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातला अधिकारी, पचमढीला 1862 मध्ये पोचलेला, निमाडात काम केलेला शिकारी. त्याचा मुद्दा लष्कराचा नव्हता, सातपुड्याच्या रानातला होता. झाडीत जनावर दिसते ते क्षणभर, आणि अंतर मोजायला वेळ नसतो. शंभर यार्ड समजून बार टाकावा आणि जनावर दीडशेवर निघावे, तर सावकाश जाणारी गोळी पोटाखालून निघून जाते. म्हणून गोळी वेगात आणि सरळ रेषेत जायला हवी, त्यासाठी दारू भरपूर हवी. पण पीळ जास्त असला की दारूचा असा धक्का बसताच मऊ शिशाची गोल गोळी खाचांबरोबर वळत नाही; खाचांचे कंगोरे तासत सरळ बाहेर पडते. मग नेम कसला! यावर फोर्सिथचा उपाय म्हणजे एका पौंडात 14 बसतील अशी जाड गोल गोळी आणि 104 इंचांत एक वेढा. शिकारीच्या अंतरावर एवढी गिरकी पुष्कळ झाली. मला यात त्याचे अर्धेच कौतुक वाटते, कारण हजार यार्डांवर त्याची गोळी काहीच कामाची नव्हती. पण हजार यार्डांवर तो नेम धरतच नव्हता.

1866 पासून एन्फिल्डच्या नळ्या मागून उघडून त्यांच्या स्नायडर बनू लागल्या आणि ठासणीचा काळ आटोपला. 1871 ची मार्टिनी-हेन्री सरळ व्हिटवर्थच्या वळणावर गेली: 0.45 इंच, 22 इंचांत एक वेढा. 27 जुलै 1880 ला अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत गोऱ्या पलटणीकडे ही मार्टिनी होती. मुंबई फौजेच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या पलटणी तिथे स्नायडर घेऊनच लढल्या.