आधी मोजणी, मग विक्री: टोलरस्त्यांच्या अंदाजांची पार्श्वभूमी

खासगी पैशातून होणाऱ्या टोलरस्त्याचे सगळे कर्ज एका आकड्यावर उभे असते: रोज किती वाहने येतील? हा आकडा रस्ता होण्याआधीच मांडावा लागतो. ज्या निविदाकाराचा अंदाज सर्वांत मोठा, त्यालाच सरकारला सर्वांत जास्त रक्कम देऊ करणे परवडते, आणि काम बहुधा त्यालाच मिळते. अंदाज फुगण्याचे मूळ गणितात कमी आणि या लिलावात जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे.

ऑस्ट्रेलियाला याची मोठी झळ बसली. सिडनीचा क्रॉस सिटी बोगदा ऑगस्ट 2005 मध्ये सुरू झाला. अंदाज होता दिवसाला सुमारे 90 हजार वाहनांचा. सुरुवातीच्या काळात आली त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. गाड्या बोगद्याकडे वळाव्यात म्हणून वरच्या रस्त्यांवर निर्बंध घातले गेले होते. त्यावरून शहर खवळले आणि ते मागे घ्यावे लागले. डिसेंबर 2006 मध्ये बोगद्याची कंपनी बुडाली. पाठोपाठ लेन कोव्ह, ब्रिस्बेनचा क्लेम सेव्हन आणि 2013 मध्ये एअरपोर्ट लिंक या बोगद्यांच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. क्लेम सेव्हनचा अंदाज देणाऱ्या सल्लागार कंपनीला कोर्टात खेचले गेले. 2015 मध्ये तिने सुमारे 28 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड केली.

धोक्याची सूचना नव्हती असे नाही. स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेच्या रॉबर्ट बेन यांनी 2005 पर्यंत जगभरातले 104 प्रकल्प तपासले होते. प्रत्यक्ष वाहतूक सरासरीने अंदाजाच्या 77 टक्केच भरली होती. बँकांनी स्वतःसाठी करून घेतलेले अंदाज मात्र वास्तवाच्या जास्त जवळ होते. पैसे कोणाचे अडकले आहेत, यावर आकडा बदलतो.

म्हणून सुधारणा आली ती विक्रीची वेळ बदलून. सिडनी ज्या राज्यात येते त्या न्यू साउथ वेल्सच्या सरकारने वेस्टकनेक्स या सिडनीतल्या टोलरस्त्यांच्या जाळ्याचे काम आधी स्वतः हाती घेतले, काही भाग सुरू झाल्यावर 2018 मध्ये 51 टक्के हिस्सा विकला. त्याच वर्षी भारतात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने चालू असलेल्या नऊ रस्त्यांचे टोलहक्क दिले. प्राधिकरणाचा अंदाज 6,258 कोटींचा होता, मॅक्वायरी या ऑस्ट्रेलियन वित्तसंस्थेने 9,681 कोटी मोजले. चालू रस्त्याबद्दलही दोन अंदाजांत एवढे अंतर पडते. महाराष्ट्राने ही वाट आधीच चोखाळली होती: 2002 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची टोलवसुली 2004 मध्ये 15 वर्षांसाठी 918 कोटींना दिली गेली.

भारतीय करारांत आणखी एक चांगली सोय आहे. ठरलेल्या वर्षी वाहतूक लक्ष्यापेक्षा कमी भरली तर वसुलीची मुदत वाढते, जास्त भरली तर घटते. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर नाक्यावरची मोजणीही माणसांच्या हातून बरीचशी सुटली. नव्या रस्त्यावर मात्र चालक वाचलेल्या वेळेसाठी किती पैसे मोजेल, हे अजूनही गृहीतच धरावे लागते.