‘आय…’ म्हटल्यावर गाडी का अडते?

महापे किंवा ऐरोलीतल्या एखाद्या कंपनीत सकाळची मीटिंग चालू असते. रात्री जागून बिघाड काढणारा गप्प बसतो आणि ज्याने तो नुसता ऐकला, तो इंग्रजीत बोलून मोकळा होतो. ‘कॉन्फिडन्स नाही’ म्हणून आपण विषय मिटवतो. खरी अडचण पुष्कळदा वेळेची असते.

प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंद लागतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 10 भाषांमधून हे मोजलं गेलं. उलट चित्रातल्या वस्तूचं नाव सांगायला, तेही मातृभाषेत, सुमारे 600 मिलिसेकंद जातात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर डोक्यात शिजू लागलेलं असतं. दुसऱ्या भाषेत शब्द उशिरा सापडतात, त्यामुळे ऐकणं आणि जुळवणं एकदम झेपत नाही. त्यात ‘चुकलो तर?’ ही धास्ती. वाक्य जुळवताना जी स्मृती लागते, त्यातलीच जागा ती अडवते.

मराठी माणसाची आणखी एक पंचाईत आहे. ‘मी काल सर्व्हरवरची जुनी फाइल काढली’ यात क्रियापद शेवटी, तोवर उसंत मिळते. इंग्रजीत ‘आय’ म्हटल्याबरोबर ‘डिलीटेड’ की ‘मूव्हड’, हे ठरवावं लागतं. म्हणून ‘आय… आय…’ होतं. मीटिंगला जाण्याआधी आपल्या कामाची आठ-दहा क्रियापदं भूतकाळात मोठ्याने म्हणून घ्या: ‘आय चेक्ड’, ‘आय रीस्टार्टेड’, ‘इट फेल्ड’. नामांची काळजी नको. ती आपण मराठीतही इंग्रजीच वापरतो!

वेग वाढवायला भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी अभ्यासलेली 4-3-2 ही पद्धत चांगली. एकच विषय तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायचा: आधी 4 मिनिटांत, मग 3, मग 2. मजकूर तोच, वेळ कमी. लिहून पाठ केलं की सगळं फुकट, कारण तेव्हा वाक्य जुळवायचा सराव होतच नाही. दर फेरीला विषय बदलला तरी उपयोग नाही. 2011 च्या एका प्रयोगात विषय तोच ठेवणाऱ्यांचा ओघ पुढे नव्या विषयातही टिकला; विषय बदलत राहिलेल्यांचा टिकला नाही.

एक खोट आहे. पहिल्या फेरीतली व्याकरणाची चूक पुढच्या फेऱ्यांत तशीच येते, घट्टही होते. म्हणून पहिली फेरी रेकॉर्ड करून ऐका आणि एकच क्रियापद दुरुस्त करा. सगळंच सुधारायला गेलात तर पुन्हा अडखळाल.

तीन श्रोते रोज कुठून आणणार? फोनचा रेकॉर्डर चालू करून तो कानाला लावा आणि ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारत बोला. कुणी वळूनही बघत नाही.