पहिलं वॉरबर्ड: विमानाचं नाव नव्हे, पंखाचं टोक पाहा

रिमोटवर मॉडेल विमानं उडवताना ट्रेनरवर, म्हणजे शिकाऊ मॉडेलवर, हात बसला की पुढचं विमान कोणतं, हे बहुतेकांनी मनात आधीच ठरवलेलं असतं: स्पिटफायर, नाहीतर पी-51 मस्टँग. दोन्ही विमानं देखणी आहेत, यात वादच नाही. पण पहिलं वॉरबर्ड, म्हणजे जुन्या लष्करी विमानाचं मॉडेल, म्हणून दोन्ही घेऊ नयेत. एकदा उंचीवर गेल्यावर कुठलंही नीट बांधलेलं वॉरबर्ड छानच उडतं. खरी परीक्षा असते ती वेग कमी झाल्यावर आणि चाकं जमिनीला लागल्यावर. म्हणून निवड करताना दोनच गोष्टी आधी पाहाव्यात, पंखाचं टोक आणि चाकांची मांडणी. या दोन्ही कसोट्यांवर उतरणारं विमान म्हणजे टी-28 ट्रोजन.

ट्रेनर आपल्या कितीतरी चुका पोटात घालतो. त्याचा पंख वर असतो आणि दोन्ही टोकं थोडी उचललेली असतात, त्यामुळे रिमोटची स्टिक सोडली की तो बराचसा आपोआप सरळ होतो. शिवाय पंखाच्या मानाने वजन कमी असतं. चांगल्या फोम ट्रेनरमध्ये पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर साधारण 25 ग्रॅम भार येतो. असं विमान ताशी 22 किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं, म्हणजे त्याखाली पंख वजन पेलू शकत नाही. पंखाची लांबी सव्वा मीटरच्या आत असलेलं, 22 चौरस डेसिमीटर पंखाचं आणि 900 ग्रॅम वजनाचं वॉरबर्ड घेतलं, तर हा भार 41 ग्रॅमवर जातो आणि स्टॉलचा वेग ताशी 28 किलोमीटरच्या घरात. 60 ग्रॅम भाराच्या जड मॉडेलला किमान 34 लागतात. म्हणून विकत घेण्यापूर्वी खोक्यावरचं वजन आणि पंखाचं क्षेत्रफळ घेऊन हा भागाकार करावाच. पहिल्या वॉरबर्डसाठी 45 ग्रॅमच्या वर जाऊ नये. पंखाचं क्षेत्रफळ कुठेच दिलेलं नसेल, तर पंखाची लांबी गुणिले सरासरी रुंदी, एवढ्यावरही काम भागतं.

आता पंखाचं टोक. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार आहे, मस्टँगचा टोकाकडे निमुळता. मूळ विमानात हे आकार उत्तम होते, कारण तिथे पंख दोन मीटर रुंद आणि वेग मोठा. पंखाची रुंदी आणि वेग यांच्या गुणाकाराला हवेच्या चिकटपणाने भागलं की रेनॉल्ड्स अंक मिळतो. खऱ्या स्पिटफायरच्या पंखाला उतरतानाही तो पन्नास लाखांच्या आसपास असतो. मॉडेलमध्ये मुळाशी 24 सेंटिमीटर आणि टोकाशी 8 सेंटिमीटर रुंदीचा पंख सेकंदाला 10 मीटर वेगाने जात असेल, तर मुळाशी हा अंक 1 लाख 60 हजार आणि टोकाशी जेमतेम 53 हजार येतो. लाखाच्या खाली आलं की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून फार लवकर सुटते. मग विमान हळू झालं की मुळाचा भाग अजून वजन पेलत असतो आणि टोकाने मात्र काम सोडलेलं असतं. दोन्ही टोकं एकाच क्षणी स्टॉल होत नाहीत, त्यामुळे एक पंख अचानक खाली पडतो. यालाच टिप स्टॉल म्हणतात.

अशा वेळी हात सवयीने एलेरॉनकडे, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या पट्ट्यांकडे, जातो. डावा पंख पडला, म्हणून उजवा एलेरॉन दिला जातो. त्याने डाव्या पंखाचा एलेरॉन खाली येतो, आधीच स्टॉल झालेल्या टोकाचा हवेशी कोन आणखी वाढतो आणि विमान गिरकी घेतं. योग्य क्रम असा: आधी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ढिला सोडा, थ्रॉटल (मोटरची ताकद) वाढवा, पडलेल्या पंखाच्या उलट बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पट्टी) द्या, आणि वेग आल्यावरच एलेरॉनला हात लावा.

यावर उपाय आहे, वॉशआउटचा. पंख मुळापासून टोकाकडे किंचित पिळलेला ठेवायचा, म्हणजे टोकाचा कोन मुळापेक्षा कमी राहतो आणि मूळ आधी स्टॉल होतं. खऱ्या स्पिटफायरमध्ये मुळाशी अधिक 2 आणि टोकाशी उणे अर्धा, असा अडीच अंशांचा पीळ होता. मॉडेलमध्ये 2 ते 3 अंश हवा. दुकानात पंख हातात घेऊन मागच्या कडेकडून डोळ्याच्या रेषेत पाहा. टोकाशी मागची कड किंचित वर उचललेली दिसली पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना सारखीच. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर ते विमान परत ठेवा. खऱ्या एफ4यू कॉर्सेअर या अमेरिकी लढाऊ विमानाचा डावा पंख उतरताना आधी पडत असे. तेव्हा उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटी पट्टी लावली गेली, उजवा पंखही त्याच वेळी स्टॉल व्हावा म्हणून. लाखमोलाच्या लढाऊ विमानात हा प्रश्न इतका खरा होता, तर फोमच्या मॉडेलमध्ये तो दुर्लक्षून चालणार नाही.

चाकांचा प्रश्न तितकाच मोठा आहे. बहुतेक वॉरबर्डना दोन चाकं पुढे आणि एक छोटं शेपटीखाली असतं. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे येतो. नाक जरा वळलं की मागचं वजन ते वळण आणखी वाढवतं आणि विमान धावपट्टीवर गोल फिरतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. स्पिटफायर आणि जर्मन मेसरश्मिट 109 यांची चाकं एकमेकांजवळ असल्याने ती तर सहज एका पंखावर कलंडतात. 109 ची चाकं मुद्दाम धडाला जोडली होती, पंख काढला तरी विमान चाकांवर उभं राहावं म्हणून. कारखान्याला सोय झाली, वैमानिकांना त्रास झाला. आपल्याकडच्या मैदानांत आणखी एक अडचण असते, पावसाळ्यानंतरचं गवत. पाच सेंटिमीटरची चाकं त्यात अडकतात, नाक टेकतं आणि प्रोपेलर तुटतो.

टी-28 मध्ये गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आणि एक चाक नाकाखाली असल्याने हा सगळा खेळ उलटतो. विमान आपोआप सरळ धावतं. चाकांमधलं अंतर भरपूर, पंखाला चांगला वरचा कोन, आणि टोकही फार निमुळतं नाही. 1949 मध्ये पहिलं उड्डाण केलेलं हे विमान नॉर्थ अमेरिकन कंपनीचं, म्हणजे मस्टँग आणि हार्वर्ड बनवणाऱ्यांचंच. अमेरिकेच्या हवाई दलाने आणि नौदलाने ते प्रशिक्षणासाठी वापरलं, पुढे व्हिएतनाम आणि लाओसमध्ये त्याला शस्त्रंही लावली गेली. म्हणजे ते अस्सल वॉरबर्ड आहे आणि शिकवण्यासाठीच बनवलेलं आहे. त्याचे पिवळे किंवा पांढरे-लाल रंगही फार उपयोगाचे. हिरव्या-मातकट छद्मावरणाचं विमान दीडशे मीटरवर नुसता काळा ठिपका होतं आणि ते येतंय की जातंय, हेच कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धातलंच लढाऊ विमान हवं असा हट्ट असेल, तर हॉकर हरिकेन घ्या. त्याचा पंख जाड आणि चाकं बरीच दूर आहेत. 1944 मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालची भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. मात्र नाक आखूड असल्याने मॉडेलला पुढे वजन लावावं लागतं. हार्वर्डही आपल्या हवाई दलात कित्येक वर्षं प्रशिक्षणाला होतं, पण त्याच्या पंखाची टोकं फसवी आहेत. ते नंतर घ्या.

सव्वा मीटरच्या आतल्या टी-28 ला 3 सेलची, 2200 मिलिअँपिअर-तासांची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पुरते. दर किलोमागे 200 ते 220 वॅट ताकद असावी. वॉटमीटर लावून थ्रॉटल पूर्ण उघडून एकदा मोजून घ्या. टायमर पाच मिनिटांवर लावा आणि उतरल्यावर दर सेलला किमान 3.7 व्होल्ट उरले आहेत ना, ते पाहा. बॅटरी बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

गुरुत्वमध्य पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या पुढच्या टोकाशी ठेवा. खालच्या पंखाचं विमान उलटं करून तोलायचं, बॅटरी आत ठेवूनच. शेपटीकडे जड झालेलं विमान पहिल्याच उड्डाणात जातं. सुरुवातीला एलेव्हेटर दोन्ही बाजूंना 8 ते 10 मिलिमीटर, एलेरॉन वर 12 आणि खाली 9 एवढेच हलू द्या, आणि दोन्हींना 30 टक्के एक्स्पो, म्हणजे मधोमध स्टिकचा परिणाम मऊ करणारी सेटिंग, द्या. काही ट्रान्समीटरमध्ये एक्स्पोचा अधिक आकडा हालचाल मऊ करतो, काहींमध्ये उणे आकडा. म्हणून पडद्यावरची वक्ररेषा मधोमध सपाट दिसते का, ते बघून घ्या. आणि मैदान ठरवण्यापूर्वी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. लाल आणि पिवळ्या भागांत परवानगीशिवाय उडवता येत नाही.

पहिल्या उड्डाणाला वारा ताशी 10 किलोमीटरच्या आत आणि धावपट्टीच्या रेषेत हवा. थ्रॉटल चार-पाच सेकंदांत हळूहळू उघडा. प्रोपेलरमागची हवा गोल फिरत शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते आणि नाक डावीकडे ओढलं जातं. थ्रॉटल झटक्यात उघडलं तर रडरला सावरायला वेळच मिळत नाही. जमीन सुटल्यावर नाक फार वर न करता वेग येऊ द्या. पन्नास मीटरवर दोन तृतीयांश थ्रॉटलवर ट्रिम करा, म्हणजे स्टिक सोडूनही विमान सरळ उडेल असं बसवा, आणि तिथेच थ्रॉटल बंद करून एलेव्हेटर सावकाश ओढत विमान मुद्दाम स्टॉल करून पाहा. कोणता पंख पडतो, किती उंची जाते, हे जमिनीपासून दूर असतानाच कळलं पाहिजे.

सर्वात जास्त विमानं उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणात जातात. 60 अंशांच्या कलात पंखावरचं वजन दुप्पट होतं आणि स्टॉलचा वेग 28 वरून 40 वर जातो. वारा पाठीमागून असेल तर जमिनीवरून विमान वेगवान दिसतं, म्हणून थ्रॉटल आणखी कमी केलं जातं आणि घात होतो. दख्खनच्या पठारावर मे महिन्यात यात आणखी भर पडते. पुण्याच्या उंचीवर 38 अंशांत हवा विरळ असल्याने स्टॉलचा वेग सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. म्हणून वळण रुंद घ्या, कल 30 अंशांच्या आत ठेवा आणि पाव थ्रॉटल शेवटपर्यंत चालू ठेवा. धावपट्टी कमी पडतेय असं दिसलं तर एलेव्हेटर ओढून विमान ताणू नका. थ्रॉटल द्या, पुन्हा फेरी मारा. फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली येणाऱ्या पंखाच्या पट्ट्या, सुरुवातीला अर्धेच उघडा. ते उघडताना नाक वर उचललं जातं, म्हणून फ्लॅपबरोबर थोडा खालचा एलेव्हेटर आपोआप लागेल असा ट्रान्समीटरमध्ये मिक्स करून ठेवावा.

जोरात टेकलं की टी-28 च्या नाकाच्या चाकाची तार वाकते किंवा तिची प्लास्टिकची बैठक खोबणीतून उपटून येते. हे दोन्ही भाग जादा आणून ठेवा. ईपीओ या चिवट फोमला साधा सुपरग्लू चालतो, ईपीएस, म्हणजे थर्माकोल, मात्र त्याने विरघळतो. त्यासाठी फोमसेफ ग्लू लागतो. अशा टेकण्यानंतर मोटरच्या लाकडी तबकडीलाही हलवून पाहा, तिथला तडा बाहेरून दिसत नाही आणि पुढच्या उड्डाणात मोटर कोन बदलते.

आडव्या वाऱ्यात सलग टेकणं सरळ होऊ लागलं आणि उंचीवरचा स्टॉल एलेरॉन न लावता सावरता येऊ लागला, की दीड मीटरच्या आसपासची मस्टँग घ्या. मोठी घ्या, कारण पंखाचं टोक जितकं रुंद तितका रेनॉल्ड्स अंक वर आणि तितकं विमान सौम्य. आणि चाकं पहिल्या हंगामात स्थिरच ठेवा. आत जाणाऱ्या चाकांची यंत्रणा गवताच्या पहिल्या झटक्यात पंखाच्या फोमसकट बाहेर येते.