फायरिंगनंतरची चिंधी: एका लष्करी सवयीची पार्श्वभूमी

साताऱ्यातल्या एनसीसीच्या मुलांना फायरिंगच्या दिवसाचं विचारलं, तर गोळ्या झाडण्यापेक्षा रायफल पुसण्याच्याच आठवणी जास्त निघतात. आधी ‘खाली कर’, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची खात्री, मग पुलथ्रू, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची दोरी. साफसफाईला चार बाय दोन इंचांची चिंधी, तेल द्यायला चार बाय दीडची. शेवटी उस्ताद नळीतून उजेडाकडे बघणार आणि एखादा काळा ठिपका दिसला की पुन्हा चिंधी. हे सगळं त्याच संध्याकाळी व्हायला हवं, उद्यावर ढकलायचं नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव असलेल्या आणि १९६१ मध्ये देशातलं पहिलं सैनिक स्कूल मिळालेल्या जिल्ह्यात ही शिस्त घरोघरी माहीत आहे. पण ‘त्याच संध्याकाळी’ हा आग्रह मुळात या मुलांच्या हातातल्या .२२ रायफलींसाठी नव्हताच.

सुरुवात ठासणीच्या बंदुकीपासून करावी लागते. तिची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. या दारूचा निम्म्याहून थोडा अधिक भाग जळल्यावरही वायू न होता घनरूपात उरतो: काही धूर होऊन बाहेर पडतो, बाकीचा नळीला चिकटतो. पाच-सात बार झाले की गज आत जाईना, अशी अवस्था. १८५७ च्या एन्फिल्ड काडतुसांना चरबी लावली जायची तिचं एक काम हेच होतं; गोळी सहज सरकावी आणि काजळी मऊ राहावी. त्या चरबीने पुढे काय घडवलं ते सर्वांना ठाऊक आहे. ही काजळी हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते. पण ती पाण्यात विरघळतेही. म्हणून जुना उपाय साधा होता: नळीत गरम पाणी ओता, कोरडी करा, तेल लावा.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू तयार केली. काही वर्षांतच ब्रिटिशांनी कॉर्डाइट ही तशीच दारू आणली आणि .३०३ रायफली त्यावर चालू लागल्या. काजळी जवळपास संपली, तेव्हा सफाईचा जाचही संपायला हवा होता. झालं उलटंच. स्वच्छ पुसून, तेल देऊन ठेवलेल्या नळ्या दोन-तीन दिवसांत पुन्हा तांबूस दिसू लागल्या. दोष नव्या दारूवर आला. तिच्यातून आम्ल सुटतं, अशी समजूत झाली.

खरा गुन्हेगार काडतुसाच्या बुडाशी होता. तिथल्या टोपीत, म्हणजे प्रायमरमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, जेवणातल्या मिठाचं सख्खं भावंड. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसं नळीतल्या या थराला सुटायचं आणि पोलाद गंजायचं. जुन्या दारूच्या ढीगभर काजळीत हे मीठ मिसळून जायचं आणि पाण्याने धुतलंही जायचं. नव्या दारूत ते उघडं पडलं, आणि लोक पुसत होते तेलाने! तेलात मीठ विरघळत नाही. वरून चकचकीत, खाली गंज. हे रसायन नीट उलगडायला विसाव्या शतकाची पहिली दोन दशकं जावी लागली, पण फौजेने अनुभवाने उपाय आधीच धरला होता: नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायचं. तापलेली नळी आपोआप कोरडीही होते. .३०३ च्या दस्त्यात, पितळी झाकणाआड, पुलथ्रू आणि तेलाची बाटली कायमची ठेवलेली असायची. ‘त्याच संध्याकाळी’ हा नियम या काळातला.

१९२० च्या दशकात क्लोरेट नसलेल्या टोप्या बाजारात आल्या; लेड स्टिफ्नेट हे शिशाचं संयुग त्यांचं मुख्य द्रव्य. लष्करांनी मात्र जुनी टोपी लवकर सोडली नाही, कारण साठ्यात ती वर्षानुवर्षं भरवशाची राहायची. त्यामुळे सवयही टिकली, आणि १९४८ नंतर एनसीसीच्या वर्गांत ती तशीच उतरली.

आजच्या .२२ च्या नळीत मीठ नसतं. शिशाचा आणि मेणाचा पातळ थर असतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत किंवा स्वप्नील कुसाळे ज्या ५० मीटर प्रकारात खेळतात, तिथेही हेच काडतूस. अचूकता ढळेपर्यंत नळीला हात न लावणारे नेमबाज आहेत आणि दर सरावानंतर साफ करणारेही. माझ्या मते अति घासण्याचं नुकसान जास्त. पुलथ्रूची दोरी तिरपी ओढली की नळीचं तोंड झिजतं आणि नेम बिघडतो; म्हणून दोरी सरळ रेषेत ओढायची, आणि गज वापरायचा तर शक्यतो चेंबरच्या बाजूने. गंजाचं म्हणाल, तर जावळी-पाटणकडच्या पावसाळी हवेला मिठाची गरज नाही. तिकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या बारा बोअर बंदुकांना बाहेरून घामाच्या हाताचे ठसे पुसून तेलाचा हलका हात द्यावाच लागतो.

नव्या टोपीने गंज थांबवला, पण तिच्यात शिसं आलं. गोळीचंही शिसंच. त्याची भुकटी बोटांवर, चिंधीवर आणि बाहीवर बसते. म्हणून वापरलेल्या चिंध्या उघड्यावर टाकायच्या नाहीत, आणि जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवायचे.