मागची चाकं का सुटतात? वळणावरच्या गिरकीची पार्श्वभूमी

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की मराठवाड्यातले डांबरी रस्ते दोन-चार दिवस फार फसवे असतात. उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ ओली होते, आणि शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली काळी माती नेमकी वळणावर सोडून जातात. अशाच एका दुपारी कन्नडचा औट्रम घाट उतरताना माझ्या पुढची कार वळणात शिरली आणि वळणापेक्षा जास्तच वळली. तोंड डोंगराकडे, मागची बाजू दरीकडे. अर्धी गिरकी घेऊन ती उलट्या दिशेला तोंड करून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. चालक थरथरत खाली उतरला आणि म्हणाला, "वेग जास्त वाटला म्हणून फक्त पाय काढला हो एक्सलेटरवरून." जमलेल्या माणसांनी मात्र निकाल देऊन टाकला होता: ड्रायव्हर नवखा आहे.

हा निकाल मोटारीइतकाच जुना आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. मागची चाकं सुटण्याचं बरंचसं कारण गाडीच्या घडणीत, वजनाच्या वाटणीत आणि टायरमध्ये असतं. हे समजायला मोटार आल्यानंतर चाळीसेक वर्षं गेली.

सुरुवातीच्या काळात टायर म्हणजे धक्के खाणारं रबर, एवढीच समज होती. १९२५ च्या सुमारास जॉर्ज ब्रूलिए या फ्रेंच अभियंत्याने दाखवलं की वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, त्या दिशेला तो नेमका जात नाही. रस्त्याला टेकलेला रबराचा तळहाताएवढा तुकडा पिळला जातो आणि चाक थोडं तिरकं सरकतं. त्या तिरकेपणातूनच गाडीला वळवणारा आडवा जोर मिळतो. तिरकेपणा वाढतो तसा जोर वाढतो, पण काही अंशांपर्यंतच. त्यापुढे रबर दाद देत नाही, नुसतं घसरतं.

पुढचं पाऊल मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याचं. रोल्स-रॉईसमधून तो १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. तिथे पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंगची रचना, देण्याचं काम चालू होतं आणि १९३४ च्या गाड्यांमध्ये ते आलंही. गाडी मऊ झाली, तशी वळणावर ती कशी वागेल हा प्रश्न पुढे आला. उत्तर साधं निघालं. पुढचे टायर मागच्यांपेक्षा जास्त तिरके सरकत असतील तर गाडी वळायला कुरकुरते, सरळ जाऊ पाहते. मागचे जास्त सरकत असतील तर ती मागितल्यापेक्षा जास्त वळते. अंडरस्टीअर आणि ओव्हरस्टीअर हे शब्द याच कामातून रुळले. पहिल्या प्रकारात माणूस घाबरून स्टेअरिंग आणखी वळवतो, वेग कमी करतो आणि बहुतेकदा वाचतो. दुसऱ्या प्रकारात घाबरून केलेली प्रत्येक गोष्ट उलटी पडते. म्हणून घरगुती गाड्या मुद्दाम थोड्या कुरकुरणाऱ्या बनवायच्या, हे कंपन्यांनी ठरवून टाकलं.

सगळ्यांनी नाही. इंजिन मागे ठेवण्याचे फायदे मोठे होते: पुढून मागच्या चाकांपर्यंत जोर नेणारा लांब शाफ्ट नको, आत जागा भरपूर, शिवाय ओढणाऱ्या चाकांवर वजन असल्याने चिखला-बर्फात गाडी अडत नाही. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटल कारने हाच रस्ता धरला. मराठवाड्याच्या वाचकाला जवळचं उदाहरण स्कोडाचं. शेंद्रा एमआयडीसीत २००१ मध्ये ज्या कंपनीचा कारखाना उभा राहिला, तिने १९६४ पासून १९९० पर्यंत तिकडे चेकोस्लोव्हाकियात मागे इंजिन असलेल्या गाड्या बनवल्या. शेंद्र्यात ऑक्टाव्हिया जोडायला आली तोवर तिने इंजिन पुढे आणून बरीच वर्षं झाली होती.

यातल्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकांची रचना घातक होती. ॲक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, फक्त मधल्या बाजूला, दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलपाशी, बिजागरीसारखा हलायचा. जोरात वळताना गाडीची मागची बाजू उचलली गेली की बाहेरचं चाक बुडाखाली दुमडायचं आणि टायर कडेवर उभा राहायचा. पकड जायची ती एकदम, सांगून नव्हे.

अमेरिकेत १९६० मध्ये आलेल्या शेवरोले कॉर्व्हेअरचं हेच झालं. त्यावर कंपनीने काढलेला तोडगा मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. पुढच्या टायरमध्ये फक्त १५ पौंड हवा, मागच्यांत २६. पुढचे टायर मुद्दाम ढिले ठेवायचे, म्हणजे तेच आधी सरकतील आणि मागचे टिकतील. कागदावर हिशेब चोख, पण तो टिकणार हवा भरणाऱ्या पोराच्या हातावर! आपल्याकडे आजही पंपावर "चारीकडं तीस-तीस" म्हणून नळी लावतात. तिकडेही चारही टायर सारखे भरणारे होतेच. राल्फ नेडर या वकिलाने १९६५ मध्ये या गाडीवर जाहीर टीका केली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. १९६५ च्या कॉर्व्हेअरला तोवर मागचं सस्पेन्शन नवं मिळालं होतं. १९७२ च्या सरकारी अहवालाने ही गाडी तिच्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असं म्हटलं, हेही नोंदवलं पाहिजे. मला त्याचा अर्थ एवढाच दिसतो की इतर गाड्याही फार बऱ्या नव्हत्या.

आपल्या रस्त्यांवर तेव्हा अँबेसेडर, फियाट आणि जीप होत्या. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, मागे स्प्रिंगचं काम करणारे लोखंडी पाटे. टायरच्या पकडीचा खिसा एकच असतो. त्यातली काही पकड गाडी ढकलण्यात खर्च झाली की वळण्यासाठी तेवढी कमी उरते. म्हणून चिखलाच्या वळणावर गिअर खाली टाकून जोर दिला की मागची बाजू निघायची. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश झिजले असतील तर वळणात आख्खा ॲक्सलच थोडा तिरका व्हायचा, म्हणजे मागूनही स्टेअरिंग फिरवल्यासारखं.

काळी-पिवळी जीपची गोष्ट याहून गंभीर. मागच्या आडव्या बाकांवर दाटी, फूटबोर्डवर उभी माणसं, कॅरिअरवर पोती. वजन मागच्या ॲक्सलवर आणि त्याच्याही पलीकडे. वजन दुप्पट झालं म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, कमीच भरते. वळणावर आवरायचा जोर मात्र पूर्ण दुप्पट लागतो. त्यात टायर गोटा झालेले. अशी जीप मूळ कारखान्यातून निघाली तेव्हा सरळ स्वभावाची होती, दाटीने तिचा स्वभाव बदलला.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि जोर पुढच्या चाकांना गेला. रोजच्या वापरात अशा गाडीची मागची बाजू सहसा सुटत नाही, म्हणून लोक निर्धास्त झाले. पण अशा गाडीत मागे वजन कमी. वळणात अचानक पाय काढला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात. औट्रम घाटातल्या त्या माणसाचं नेमकं हेच झालं. २००९ च्या टाटा नॅनोत इंजिन पुन्हा मागे गेलं, पण जुना धडा लक्षात ठेवून: पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद, मागचे १५५.

१९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ईएसपी, म्हणजे गाडीचा तोल सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, आलं. गाडी स्टेअरिंगच्या मागणीपेक्षा जास्त फिरतेय असं दिसताच ते बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक स्वतःच ब्रेक करून गिरकी अडवतं. युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं आहे. पण तेही उरलेल्या रबरावरच काम करतं.

म्हणूनच जालन्याच्या टायरच्या दुकानात परवा मला हुज्जत घालावी लागली. दोनच टायर नवे घ्यायचे होते. पोरगा जॅक लावून पुढची चाकं उतरवायला बसला. "साहेब, नवे पुढंच टाकतेत सगळे. पुढचेच आधी गोटे होतेत." त्याचं म्हणणं झिजेपुरतं खरं होतं. मी त्याला जुन्या जोडीवर बोट फिरवायला लावलं. नक्षी नखभरही नव्हती. मग विचारलं, पावसात हे दोन मागे असताना वळणात पाय काढला तर काय होईल? तो क्षणभर थांबला, जॅक काढला आणि मागच्या चाकाखाली सरकवला.